झाकणावरून झालेली वाटणी

मी पेटी बोलतेय. ओक लाकडाची, दोन लोखंडी कड्यांची, आणि आता जरा वाकड्या तोंडाची. तोंड वाकडं कसं झालं तेच सांगायचंय, कारण लोक उगाच माझ्या सुताराला नावं ठेवतात.

मी रेबेनित्झच्या गढीतली. आमच्या सॅक्सनीत बापाची जमीन मुलाकडे जाते आणि आईचं सामान मुलीकडे: चादरी, उशा, मेंढ्या, हंससुद्धा. पेट्यांचा न्याय मात्र झाकणावर. गोल झाकणाची पेटी आतल्या सगळ्यासकट मुलीची, सपाट झाकणाची मुलाची. कोणत्या शहाण्याने हे ठरवलं, देव जाणे. मी गोल झाकणाची होते आणि पोटात बाईसाहेबांचं सगळं तागाचं कापड आणि चांदीचे चमचे होते.

बाईसाहेब वारल्या. थोरला बाल्थासार गढीचा मालक झालेलाच होता. धाकटी सिडोनी तिशीला टेकलेली, बिनलग्नाची. मी मिळाले तर तिचं गावात स्वतःचं घर होणार, नाही तर जन्मभर कुनिगुंडेवहिनीच्या हाताखाली. आणि वहिनी म्हणजे मीठसुद्धा मोजून देणारी बाई!

आमच्याकडे दुखवट्याचे तीस दिवस कोणी वाटणीचं नाव काढत नाही. बाल्थासारनेही काढलं नाही. त्याने फक्त फाइट सुताराला बोलावलं.

"मालक, वाळलेली फळी नाही. ओल्या लाकडाचं झाकण उन्हाळ्यात..."

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू! तिसाव्या दिवशी सपाट दिसलं म्हणजे झालं."

माझं गोल झाकण निघालं, सपाट बसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसावा दिवस ऐन जानेवारीत आला. दिवाणखाना नातेवाइकांनी भरला. निम्मे वाटणीसाठी, निम्मे सॉसेज आणि आंबट कोबीसाठी. पंच म्हणून शेजारच्या गढीचे फ्रीडेमानकाका.

"दादा, आईची पेटी गोल होती," सिडोनी म्हणाली.

"तुझ्या डोळ्यांना औषध घे."

"भांडू नका," काका म्हणाले. "झाकणावर सफरचंद ठेवू. घरंगळलं तर मुलीची. पण आधी जेवण."

"पेटी शेकोटीजवळ आणा रे, सगळ्यांना नीट दिसू दे!" बाल्थासारनेच हुकूम सोडला. पाहुणे गारठलेले, म्हणून वहिनीने शेकोटीत आणखी चार ओंडके ढकलले. जेवणं दोन तास चालली. ओली फळी ती, तापता तापता मधोमध वर येऊ लागली, आणि शेवटी 'कट्ट' असा आवाज झाला. काकांनी सफरचंद ठेवलं. ते घरंगळत थेट वहिनीच्या मांडीत जाऊन पडलं.

"लबाडी आहे ही!" बाल्थासार उठून ओरडला. "सकाळी सपाट होतं! मी समोर उभं राहून बसवून घेतलंय!"

"अहो, गप्प बसा ना," वहिनी कुजबुजली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. काकांनी मला सिडोनीच्या पदरात टाकलं.

मला गाडीवर चढवताना एक कडी सिडोनीने धरली. दुसरी बाल्थासारनेच धरली, कारण नोकरमाणसं तबेल्यामागे पोट धरून हसत होती.

"कापड, चमचे, सगळं गेलं खड्ड्यात," तो धापा टाकत म्हणाला. "तू गेलीस तर या घरात माझ्याशी भांडणार कोण?"

सिडोनीने कडी सोडली. "हे आधी बोलायचंस ना, दादा."

"बोललो असतो तर थांबली असतीस?"

"नाही." तिने नाक पुसलं. "दावा लाव माझ्यावर. तारखेला येईन."

त्याने लावला की! पहिल्या वर्षी एका हंसावरून, मग उशीच्या अभ्र्यावरून, मग आईच्या पळीवरून. दर जानेवारीत सिडोनी गढीवर जायची. दोघं घसा बसेपर्यंत भांडायची, पोटभर जेवायची आणि पुढची तारीख घ्यायची. अशी बावीस वर्षं गेली.

यंदा दावा आलाच नाही. बाल्थासारचे गुडघे गेलेत, नजरही गेलीय म्हणतात. सिडोनीने आठवडाभर वाट पाहिली. मग माझ्या वाकड्या झाकणावर बसून तिने स्वतःच दावा लिहिला: आईची केसाळ टोपी भावाने दडवली आहे, सुनावणी त्याच्याच घरी व्हावी.

"पण ताईसाहेब, टोपी तर तुमच्या डोक्यावर आहे," मोलकरीण ओटीलिए म्हणाली.

"त्याला कुठे दिसतंय?" सिडोनी म्हणाली, आणि टोपी कानांवर ओढून तिने खाली सही ठोकली.

फ्रीडेमानकाका आता नाहीत. त्यांचा मुलगा पंच आहे, आणि त्याला म्हणे कामाचा भारी उरक. म्हणून हे सगळं सांगितलं. बाबा रे, मला हात नाहीत, दोन कड्या आहेत. त्याच जोडून विनवते, निकाल लावू नकोस.