नवव्या पानावरून पहिल्या पानावर

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाईट आहे. माझी पाने जेमतेम सहा, आणि त्यातले एक तर अर्धेच भरलेले. माझ्या माथ्यावर लिहिले आहे, ‘लहानमोठ्या पायांसाठी मापाचे बूट’. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो किंवा ज्यांचे पाऊल वाकडे असते, त्यांच्यासाठी बूट करणाऱ्या एका कारागिराची मी वेबसाईट.

सगळे त्यांना बूटवाले मामा म्हणत. त्यांचे दुकान हाडांच्या दवाखान्यासमोरच्या गल्लीत होते. डॉक्टर चिठ्ठी देत, आणि पेशंट रस्ता ओलांडून मामांकडे येत. पुढे तो दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. रस्ता ओलांडणारे कुणी उरले नाही. दिवसचे दिवस मामा चामडे कापायची रापी दगडावर घासत बसू लागले.

तेव्हा त्यांच्या भाचीने मला घडवले. चार दुपारी ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसली. मामांनी केलेल्या बुटांचे फोटो काढले, पत्ता आणि फोन नंबर लिहिला.

“दुकानाला दार आहे, दारावर पाटी आहे. आता हे आणखी कशाला?” मामांनी विचारले.

“मामा, लोक आता आधी मोबाईलमध्ये शोधतात आणि मग घराबाहेर पडतात. तिथं तुम्ही दिसलाच नाहीत, तर तुम्ही नाहीच असं धरून चालतात.”

त्या संध्याकाळी मामांनी चष्मा पुसून माझी सगळी पाने वाचली.

दुकानातल्या संगणकावर मी दिवसभर उघडी असे, म्हणून तिथले बोलणे मला कळत असे. आणि तिथे बोलणारी माणसे तीनच. माझ्याकडे येणारीही तीच तीन. भाची रोज सकाळी डोकावून जाई. मामी जेवणानंतर एकदा बघत. मामा कुणाचे लक्ष नाही असे पाहून हळूच बघत. याशिवाय अधूनमधून सर्च इंजिनचा टेहळ्या येई. तो माणूस नसतो बरे का, तो एक प्रोग्राम असतो. जगातल्या वेबसाईट वाचायच्या आणि कोणती कुठे ठेवायची याची नोंद घ्यायची, हे त्याचे काम. तो माझे अक्षर न् अक्षर वाची आणि काही न बोलता निघून जाई. पहिल्या खेपेला मला वाटले, आपल्याकडे पाहुणा आला. नंतर कळले की शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या यादीत त्याने मला नवव्या पानावर टाकले आहे. तुम्ही कधी काही शोधताना नवव्या पानापर्यंत गेला आहात? कुणीच जात नाही. मी वर्षभर वाट पाहिली.

मग एक गृहस्थ आले. “महिन्याभरात पहिल्या पानावर आणून दाखवतो,” असे ते पाच मिनिटांत चार वेळा म्हणाले. मामींनी त्यांचे नावच पहिलेपानवाले ठेवले. भाचीला ते फारसे रुचले नव्हते, पण तिला परगावी नोकरी लागली होती, आणि मामा एकटे पडणार ही काळजी तिला खात होती. तिने माझ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, त्यांच्या हाती दिल्या.

त्यांनी माझ्या अंगावर जागा मिळेल तिथे ‘स्वस्त बूट, सुंदर बूट, खेळायचे बूट, लग्नाचे बूट’ असे शेकडो वेळा लिहिले. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, म्हणजे माणसाला दिसू नये, पण टेहळ्याने वाचावे. शिवाय बुटांशी काडीचा संबंध नसलेल्या कुठल्या कुठल्या वेबसाईटवर माझा पत्ता चिकटवला. मला ते सगळे अंगाला टोचत होते. पण मित्रांनो, खरे सांगते, मी गप्प राहिले. मलाही माणसे हवी होती.

आणि माणसे आली. रोज हजारोंनी आली, चार क्षण थांबली आणि गेली. कुणाला क्रिकेटचे बूट हवे होते, कुणाला उंच टाचांचे. दुकानातला फोन दिवसभर वाजू लागला.

“नाही हो, तसे नाही ठेवत आम्ही,” मामी प्रत्येकाला शांतपणे सांगत. शेवटी मामा त्यांना म्हणाले, “अगं, इतके लोक येतात, पण आपल्याकडे एकही येत नाही.”

नवव्या पानावर मी एकटी होते, ते मला समजत होते. या गर्दीतले एकटेपण मात्र सोसवेना. दोन महिन्यांत सर्च इंजिनला ती लबाडी कळली आणि त्याने मला यादीतूनच काढून टाकले. आता कुणी मामांच्या दुकानाचे पुरते नाव लिहून शोधले तरी मी सापडत नव्हते. पहिलेपानवाले फोन उचलेनासे झाले. दुकानातला संगणकही मामांनी कापड घालून झाकून ठेवला.

पुढची दोन वर्षे कशी गेली ते विचारू नका. कुणी आलेच नाही, टेहळ्यासुद्धा नाही.

एके दिवशी मामींनी ते कापड काढले आणि भाचीला फोन लावला.

“तुझे मामा दुकान विकायचं म्हणतायत. मला एवढंच सांग, लोक शोधताना लिहितात तरी काय?”

“मनात असतं तेच लिहितात, मामी. प्रश्नच विचारतात.”

“मग ते मला पाठ आहेत. तीस वर्षं दुकानातला फोन मीच घेतलाय.”

भाचीने परगावाहून माझ्या अंगावरचे ते छुपे शब्द एकेक करून खरवडून काढले, खोटे दुवे तोडले आणि सर्च इंजिनला कळवले की आमची चूक झाली, पुन्हा एकदा पाहून घ्या. आणि मामी एका बोटाने लिहू लागल्या. जाड तळाचा बूट जड होतो का? मूल बूट घालायला रडत असेल तर काय करावे? पायाचे माप घरी कसे घ्यावे? प्रत्येक प्रश्नाखाली त्या मामांना विचारून उत्तर लिहीत आणि मामांच्या हातांचे फोटो लावत. मापाचे पान लिहायला त्यांना अकरा दिवस लागले. त्यासाठी मामांनी स्वतःचा पाय कागदावर ठेवून दाखवला होता.

टेहळ्या परत आला. आठवडे गेले, महिने गेले, आणि मी एकेक पान वर सरकत राहिले. मग एका दुपारी एक बाई आल्या आणि माझ्यापाशी एकोणीस मिनिटे थांबल्या. त्यांनी शोधले होते, ‘मुलीचा एक पाय आखूड बूट घालत नाही’. त्या मामींचे शब्द सावकाश वाचत होत्या. पुन्हा मागे जात होत्या, पुन्हा वाचत होत्या. मला कुणी असे कधी वाचले नव्हते.

चौथ्या दिवशी त्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. नऊ वर्षांची मुलगी, आखूड पाय दुसऱ्या पायामागे लपवून उभी.

“जाड तळाचा नको,” ती म्हणाली. “सगळ्यांना कळतं.”

मामा तिच्यासमोर खाली बसले. “अर्धी उंची बुटाच्या आत लपवू. उरलेली अर्धी तळाला लावू, आणि दोन्ही बुटांचे तळ एकाच रंगाचे केले की ती त्यात विरून जाईल. मग कुणाला कळलंच, तर मला येऊन सांग. मी उसवून परत करेन.”

ती तक्रार घेऊन कधी आली नाही. दर वर्षी पाय वाढला की नवे माप द्यायला मात्र येत राहिली. तिच्यामागून आणखी लोक आले. थोडेच, पण आमच्याकडेच आलेले. दुकान विकायचा विषय मामांनी पुन्हा काढला नाही. ती सहा वर्षे माझी सुखाची.

नंतर मामांचे हात कापू लागले. रापी धरवेना. भाची येऊन दोघांना आपल्या घरी घेऊन गेली. निघताना मामी म्हणाल्या, “अगं, आणि हे पान?”

“असू दे, मामी. निवांत बघू.”

ते निवांत बघणे राहूनच गेले. माझे भाडे आपोआप भरले जाऊन माझी मुदत दर वर्षी वाढते. आणि मित्रांनो, आज मी पहिल्या पानावर आहे, पहिल्या ओळीत. माणसे रोज येतात, हवी तीच येतात. मी त्यांना सांगते, ‘सोमवार ते शनिवार, दहा ते सहा’. ते फोन लावतात, आणि तो लागत नाही. कुणी लांबून गाडी करून येते आणि बंद दुकानासमोर उभे राहते. मी कुणाला फसवू नये म्हणून मामी एकेक शब्द पारखून घेत होत्या, आणि आता मी रोज खोटे बोलते. माझे मला खोडता येत नाही.

येणाऱ्यांनी माझ्याकडे लिहून ठेवलेले एक्केचाळीस निरोप न वाचता पडून आहेत. त्यातला शेवटचा असा आहे: ‘तुमचा फोन लागत नाही. पण तुमच्या पानावर बघून मी वडिलांच्या पायाचं माप घेतलं, आणि आमच्या इथल्या बूट शिवणाऱ्यासमोर मोबाईल धरला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. काल वडील काठीशिवाय फाटकापर्यंत गेले. ज्यांनी हे लिहिलंय, त्यांना सांगाल का?’

मित्रांनो, तुम्ही कधी असे एखादे पान बनवलेत, तर लोकांनी तिथे यावे म्हणून धडपडा, पण लोक येऊ लागल्यावर त्याला विसरू नका. दुकान उठले तर तसे लिहा, एक ओळ पुरे. आणि कोण काय सांगून गेले, ते कधीतरी उघडून वाचा. मामी अजून आहेत. त्यांना हा निरोप कुणीतरी वाचून दाखवायला हवा.