एकाच ग्राहकाची तीन वर्षं

माणसाने अग्नी शोधला, चाक शोधलं, समुद्र ओलांडले. आणि या साऱ्या पराक्रमाच्या शिखरावर पोहोचून त्याने तंत्रज्ञान कंपनीतली मुलाखत शोधून काढली. बुद्धी, चिकाटी आणि चारित्र्य यांची इतकी निखळ कसोटी दुसरी नाही. या कसोटीची तालीम त्या सकाळी स्वयंपाकघरात चालली होती आणि परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्या सासूबाई लसूण सोलत होत्या.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष सांगा," त्यांनी मुलाने लिहून दिलेल्या कागदावरून वाचलं.

"मी कामात फार जीव ओतते," सून म्हणाली.

"हा कसला दोष? परवा दोनदा दूध उतू घालवलंस, ते सांग की."

"आई, तिथे खरा दोष सांगायचा नसतो," मुलगा बायकोच्या कपड्यांना इस्त्री करता करता म्हणाला.

"मग विचारतात कशाला?"

अशा अकरा मुलाखती दिलेल्या मुलाने कॉलर उलटवून तिच्यावर इस्त्री फिरवली.

सुनेच्या तीन फेऱ्या पार पडल्या होत्या. पहिल्या फेरीत, तुम्ही तुम्हीच आहात ना, एवढं फोनवर विचारतात. दुसरीत अनोळखी माणूस पडद्यावर बघत असताना प्रोग्राम लिहायचा. तो अधूनमधून नुसतं 'हं' म्हणतो आणि आपण पुढे दोन दिवस त्या 'हं'चा अर्थ लावत बसतो. तिसरीत तेच फळ्यावर, उभं राहून. शेवटच्या फेरीत कामाचं काहीच विचारत नाहीत, म्हणून सर्वांत जास्त माणसं तिथेच गळतात. ती फेरी आज अकराला होती.

या धंद्यात एक रीत आहे. तुम्ही तीन कंपन्या बुडवून आलात तर तो अनुभव धरतात. घरी राहिलात तर त्याला खंड म्हणतात. खंड दिसला की अर्ज बाजूला. का पडला, हे विचारण्याइतका वेळ कुणाला नसतो. म्हणून लोक त्या जागी 'स्वतंत्र सल्लागार' असं लिहितात. सगळे लिहितात, ते खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळे गंभीर चेहऱ्याने ते वाचतात.

सुनेचा खंड तीन वर्षांचा होता. तिच्या मुलीला चार वर्षांची असताना रक्ताचा आजार निघाला. पोर साखरेच्या डब्याभोवती सारखी घुटमळायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. नोकरी कुणी सोडायची यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. त्याच संध्याकाळी मुलीच्या आईने राजीनामा लिहिला आणि बापाने तो वाचून "बरोबर आहे" म्हटलं. आठ महिन्यांपूर्वी मुंगी गेली. सहा वर्षांची होती.

तेव्हापासून घर फार आवरलेलं राहू लागलं. दुपारी दोनला फ्रीजची घरघर थांबली की सुनेला भीती वाटे. "मला कुठेतरी जायला हवंय," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती.

अर्ज भरताना तोडगा सासूबाईंनी काढला. "तीन वर्षांतली बहुतेक इस्पितळातच गेली ना? मग इस्पितळाचं काम केलं म्हण. खोटं कुठेय त्यात?" मुलाने टाइप केलं: स्वतंत्र सल्लागार, आरोग्य क्षेत्र, एक दीर्घकालीन ग्राहक. सुनेने वाचलं आणि अर्ज पाठवला.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. "तिथे मुंगीचा विषय काढू नकोस हं. रडशील."

"नाही काढणार, आई."

काचेच्या खोलीत दोघं होती. तिशीचा, सभ्य असा संघप्रमुख, म्हणजे टीम लीडर, आणि कर्मचारी विभागाच्या एक बाई. दोषाबद्दल विचारलं, तिने जीव ओतला. संघप्रमुख खूश दिसला. मग त्याची नजर त्या ओळीवर गेली.

"तीन वर्षं एकच ग्राहक? भारीच. सहसा कुणी इतकं टिकत नाही."

"हो. एकच."

"काम काय असायचं?"

"वेळापत्रक. नोंदी. बिघाड झाला की कुठल्याही वेळी धावायचं."

"वा. आणि प्रकल्प यशस्वी झाला?"

'हो' तिने चांगलं सात वेळा घोकलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काही हरकत नाही, अपयशातच शिकायला मिळतं," तो मनापासून म्हणाला आणि यादीतला पुढचा प्रश्न त्याने वाचला. "आज मागे वळून बघताना तुम्ही काय वेगळं केलं असतं?"

हा प्रश्न सगळीकडे विचारतात. त्यात वाईट हेतू नसतो. तिला तो आठ महिने रोज पडत होता. दुसऱ्या कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"पायावर निळे डाग दिसले तेव्हाच दाखवायला हवं होतं. मला वाटलं, खेळताना पडली असेल. पंधरा दिवस गेले त्यात."

त्याने 'डाग' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. "माफ करा, कुणाच्या पायावर?"

"माझ्या मुलीच्या. ग्राहक नव्हता तो. मुलगी होती."

संघप्रमुखाने पुन्हा अर्जाकडे पाहिलं.

"म्हणजे... अर्जातली माहिती चुकीची आहे?" त्याला बिचाऱ्याला दुसरं काही सुचेना. "मग मला तसं नोंदवावं लागेल, मॅडम."

"नोंदवा. ती ओळ खोडा आणि लिहा, मुलीची शुश्रूषा केली. सल्लागार कसली? माझा सल्ला कुणी विचारलाही नाही. पण मी रिकामी होते असं लिहू नका. आता दहा ठिकाणी नाही म्हणाले तरी मी हेच सांगणार आहे."

ती रडली नाही. तिने पर्स उचलली, नमस्कार केला आणि बाहेर पडली.

उमेदवाराला लिफ्टपर्यंत सोडण्याचा तिथे रिवाज होता, म्हणून कर्मचारी विभागाच्या बाई सोबत आल्या. लांबलचक कॉरिडॉरमध्ये दोघींच्या चपलांचाच आवाज होता. लिफ्टपाशी बाई थांबल्या.

"माझ्याही अर्जात तसंच आहे. दीड वर्ष. सल्लागार."

"कोण होतं?"

"आई."

त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. लिफ्ट आली, उघडली, मिटायला लागली. तेव्हा कुठे बाईंनी हात सोडला, मागे काचेच्या खोलीकडे एकदा वळून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या,

"एवढं कुणाला सांगू नका हं."