तहानेचा शब्द

रंगरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, तेव्हाच गीताबाईंनी ओळखलं, हा माणूस आता लवकर बसायचा नाही.

गुड फ्रायडेची उपासना बारा ते तीन. येशूने क्रुसावरून उच्चारलेली सात वाक्यं, म्हणजे सात शब्द; त्यांवर सात बोलणारे. चौथा शब्द पंचकमिटीचे प्रमुख म्हणून रंगरावांचा. सव्वाला उभे राहिले ते अडीच झाले तरी उभेच. अब्राहामापासून निघाले होते, अजून मिसर देशातच होते. मोताळ्याबाहेरचं ते लहानसं चर्च; वर पत्रे, वीज गेलेली, माणसं उपाशी. बायका पदरानं वारा घेत होत्या.

पाचवा शब्द तहानेचा, 'मला तहान लागली आहे'. तो दरवर्षी भालचंद्र मास्तर सांगायचे. यंदा मास्तर दवाखान्यात. मागच्या रविवारी येत्या आठवड्याच्या सूचना वाचता वाचता पाळक शेखर यांनी विचारलं, "पाचव्या शब्दाले कोण?" तशा गीताबाई बायकांच्या बाकावरून उठल्या होत्या.

"मी सांगते."

हसू पसरलं. आजवर कुठली बाई बोलायला वेदीसमोरच्या पायरीवर चढली नव्हती.

"गीताबाई, तुमाले अक्षरं येऊन दोन वर्सं नाही झाली," रंगराव म्हणाले. "तिथं काय बाराखडी म्हणान?"

"तहान समजायले बाराखडी कायले लागते, दादा? शिमग्यापासून टँकरच्या मांगं धावून राह्यली मी."

पाळकांनी कोणाकडे न बघता कागदावर नाव लिहिलं. रंगराव त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत. आज बोलत होते.

गीताबाईंनी मांडीवरचं बायबल घट्ट धरलं. आठवडाभर त्यातल्या तहानेच्या तीन ओळी त्यांनी बोट ठेवून घोकल्या होत्या. माहेरच्या विहिरीवर त्यांची माय भर उन्हात ओंजळ धरून उभी राहायची, वरून कोणी ओतेल म्हणून. मंडळीतल्या निम्म्या घरांच्या आज्या तशाच उभ्या राहिलेल्या. पण या पायरीवरून ते कधी कोणी बोललं नव्हतं.

तीनला पाच मिनिटं उरली तेव्हा रंगराव बसले. बसता बसता त्यांनी घड्याळ पाहिलं, मग गीताबाईंकडे पाहिलं. पाळक चुळबुळत उठले.

"वेळ थोडा आहे. उरलेले तीन शब्द एकाच प्रार्थनेत घेऊ."

"नाही." गीताबाई उभ्या राहिल्या.

"बाई, तीनला संपवायचं असतं..."

"मले मालूम हाय."

त्या पायरी चढल्या. पुस्तक उघडलं, बोट टेकवलं आणि वाचू लागल्या. एका जोडाक्षराशी अडल्या. मागे फिरून पुन्हा वाचलं. कोणीतरी मुद्दाम खाकरलं. त्यांनी मान वर केली नाही. तिसरी ओळ संपता संपता भिंतीवरचं घड्याळ तिनावर आलं.

रंगराव उठले. "तीन झाले. आटपा आता."

"झाले का?" गीताबाई म्हणाल्या. "घंटा तं नाही वाजली."

माना दाराकडे वळल्या. तिथे दोर सरळ लोंबत होता. घंटेचे ठोके पडल्याशिवाय गुड फ्रायडेला कोणी जागचं उठत नाही, ही इथली तीन पिढ्यांची रीत. आणि वीस वर्षं तो दोर गीताबाईच ओढत आल्या होत्या. सगळा बेत आखताना रंगरावांच्या ध्यानातून तेवढं सुटलं होतं.

"जा बे कोणी, वढा."

कोणी हललं नाही. दोघं-चौघं आपल्या पायांकडे पाहू लागले.

"मीच वढते ना," गीताबाई म्हणाल्या. "माझं झालं का वढते. बसा, दादा."

रंगराव बसले नाहीत. बायकांच्या बाकांकडे वळून त्यांनी आपल्या बायकोला हाक दिली.

"चाल, प्रेमला."

प्रेमलाबाई पदर सावरून उठल्या. बाकांच्या मधून वाट काढत आल्या, नवऱ्याच्या जवळून गेल्या आणि अगदी पुढच्या बाकावर, पायरीसमोर जाऊन बसल्या.

"तुमी व्हा पुढं," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "मी ऐकून येते."