तीस दिवसांची ओळ

सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती असावेत, हे आमच्या घटनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे जे सरकार येई ते आपली दोन माणसं घुसवून जाई. शेवटी दोन्ही बाजूंना उशिरा का होईना अक्कल आली आणि ठरलं, नऊ म्हणजे नऊ, घटनेतच लिहून टाका. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विधी खात्यात मसुदे लिहिण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत.

घोळ एवढाच होता की नव्याने काढलेल्या दहाव्या जागेवर माझ्या ताईची निवड झाली होती, आणि तिची शपथ तीन आठवड्यांवर होती.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, ताई सतराची. तिनेच मला वाढवलं, कायदा शिकवला. तिच्यामागून आलेले वर चढले, ही खालच्याच न्यायालयात राहिली. एकसष्टाव्या वर्षी कुठे बोलावणं आलं. शिंप्याकडे गाऊनचं माप दिल्याचं तिने मला चार वेळा फोन करून सांगितलं.

खुर्चीवर बसलेल्यांना उठवायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. घटनादुरुस्तीवर सही शपथेच्या आधीच होणार होती. म्हणजे दुरुस्ती सहीनंतर तीस दिवसांनी अमलात आली तर तोवर शपथ होऊन ताई आत. सहीच्याच दिवशी आली तर दहावी जागाच खलास.

मी तीस दिवस लिहिले. अशी मुदत नेहमीच ठेवतात, कुणाच्या डोळ्यांवर आली नसती. मग कागद घेऊन ताईकडे गेलो. माझा प्रत्येक मसुदा ती पेन्सिल घेऊन वाचायची आणि पळवाट दिसली की खोडायची. हीही ती खोडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर गेलो. ती ओळ ठेवायची माझी छाती नव्हती, आणि काढायचीही नव्हती.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने वाचलं. त्या ओळीपाशी बराच वेळ थांबली. गॅसवरचं दूध उतू गेलं म्हणून मी उठलो. परत येईपर्यंत तिने सरळ रेघ मारली होती. एका माणसासाठी मुदत ठेवायची नसते, एवढंच म्हणाली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

चार महिन्यांनी ताई निवृत्त झाली. तिच्या कचेरीतली पुस्तकं बांधायला मी गेलो होतो. तिला बरं वाटावं म्हणून मी शहाण्यासारखं बोलून गेलो, की स्वतःच्या हाताने खोडायला केवढं मोठं मन लागतं.

तिने सुतळी खाली ठेवली.

"मी खोडणार हे तुला माहीत होतं ना?"

मी मान डोलावली.

"मग माझ्याकडे कशाला आणलंस रे? ठेवायची होतीस, नाहीतर तूच काढायची होतीस. दोन दिवस शिव्या घातल्या असत्या तुला. पण माझ्या हातानं कशाला? छापून आलं तेव्हा मी आधी तीच ओळ शोधली. वाटलं, तू परत लिहिली असशील."

मला रडू फुटलं. चव्वेचाळीस वर्षं, मी रडलो की ती काम टाकून जवळ यायची. त्या दिवशी तिने सुतळी उचलली आणि ती पुस्तकं बांधत राहिली.