तकियनच्या झाडावरचा आकडा

"चार!" दोनशे माणसं एकदम ओरडली.

नदीकाठच्या तकियनच्या झाडावरचा तांबडा दिवा चार वेळा लुकलुकला, क्षणभर थांबला आणि पुन्हा लुकलुकू लागला. बायका बोटं मोजत होत्या, बाप्ये मोबाईलवर टिपून घेत होते. सात! सत्तेचाळीस! सरकारी लॉटरीची सोडत त्याच दुपारी होती. तिकिटं विकणाऱ्या बाईच्या पेटीवर माणसं तुटून पडली.

झाडाखाली सामरेंग बसला होता. कालपरवापर्यंत हा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. आता अंगावर गुलाबी रेशमी पदर, ओठांना लाली आणि आवाज बाईचा, कारण झाडातली आई त्याच्या अंगात येते ना!

"लेकरांनो, आईला नुसतं तांबडं सरबत पाजून भागतं का रे? सोन्याचा वर्ख लावा! ज्याचा वर्ख जाड, त्याचा आकडा खरा!"

वर्ख विकायला सामरेंगची बायको शेजारीच बसली होती.

आता माझी लाज सांगते. तो दिवा ज्या खोक्यावर आहे, ज्याला ही माणसं हात जोडत होती, ते मीच बनवलेलं आहे. मी विद्यापीठात बिनतारी संदेशांचं शास्त्र शिकवते. ते खोकं नदीच्या पाण्याची उंची मोजतं आणि पाच किलोमीटर खाली गावात रेडिओने कळवतं, तिथून मलाही. पाणी चार मीटरला गेलं की बुआलोय मावशीच्या छपरावरचा भोंगा वाजतो. तिच्याच छपरावर अशासाठी, की तिचं घर सगळ्यात सखल आणि तिचा नवरा थोंगदाम अर्धांगाने खाटेवर. त्याला देवळाच्या टेकडीवर न्यायला चार माणसं आणि तासभर वेळ लागतो.

पहिली दोन खोकी चोरीला गेली. तिसऱ्या वेळी मी अक्कल लढवली आणि झाडाला तीन रंगांची फडकी बांधली. आमच्याकडे फडकी बांधलेल्या झाडात देवी राहते असं मानतात, त्याला चोरही हात लावत नाही. खोकं टिकलं, पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पुढे नऊ दिवस खोक्याकडून संदेश आला नाही. बॅटरी गेली असेल, परीक्षा संपल्या की बघू, असं मीच म्हणाले होते. शेवटी येऊन बघते तर अँटेना वर्खाने मढलेली! धातूचा सलग पापुद्रा अगदी पातळ असला तरी रेडिओलहरी अडवतो.

रांगेत बुआलोय मावशी उभी होती, हातात वर्ख घेऊन.

"मावशी, तुम्ही इथे? काकांजवळ कोण आहे?"

"कोण असणार? आई म्हणाली, नऊ दिवस वर्ख लाव, म्हातारा चालायला लागेल. आज नववा."

"अहो, या वर्खानेच तुमचा भोंगा मुका झालाय!"

"हळू बोला, आचान. आई ऐकते." शिकवणारीला आमच्याकडे आचान म्हणतात.

माझं डोकं फिरलं. पिशवीतून लोहचुंबक काढला आणि गर्दी सारत पुढे झाले. "आईला आता मी बोलावते!" म्हणत चुंबक खोक्याच्या कडेला टेकवला. दिवा लुकलुकला. आधी चार वेळा, मग आठ वेळा. सामरेंगचा बाईचा आवाज कुठल्या कुठे गेला.

"बघा! आत एक कळ आहे. चुंबक जवळ आला की ती मिटते. पावसात झाकण न उघडता मोजमाप कळावं म्हणून मीच बसवलीय. खोकं झाडाला ठोकायला हा सामरेंगच होता, तेव्हा त्याने हे पाहिलं. त्याच्या अंगठीचा खडा काढा, खाली चुंबक निघेल! आणि आकडा नशिबाचा नाही, पाण्याचा आहे. आधी मीटर, मग मीटरचे दहावे भाग. मघाशी चार मीटर सत्तर सेंटिमीटर होतं, आता चार ऐंशी. पाचला घरं बुडतात!"

मग मागून एका बाईने विचारलं, "म्हणजे मग अठ्ठेचाळीस घ्यायचा का?"

तिकिटांवर पुन्हा झुंबड उडाली.

मी नखांनी वर्ख खरवडू लागले. "आईची कातडी सोलतेय ही!" सामरेंग किंचाळला, आणि दोघांनी मला मागे ओढलं. "शिकलेल्यांना श्रद्धा नसते," एक म्हातारा म्हणाला, रागाने नव्हे, माझी कीव करून. फोन लावावा तर कोणाला? निम्मं गाव माझ्यासमोरच उभं होतं आणि उरलेल्यांपैकी कोणी फोन उचलेना. शेवटी मावशीला हाताला धरून गाडीत बसवलं. दोन तरुण सोबत आले. बाकीचे म्हणाले, सोडत झाली की येतो.

गावाअलीकडचा सखल पूल पाण्याखाली गेला होता. पलीकडे मावशीचं छप्पर दिसत होतं, त्यावरचा भोंगाही दिसत होता. वर्ख नसता तर तो पहाटेच वाजला असता. मावशी काठावरून नवऱ्याला हाका मारत होती. आम्ही तिला घट्ट धरून ठेवलं. त्याहून जास्त आमच्याने काही झालं नाही.

थोंगदाम काका तिसऱ्या दिवशी सापडले. सोडतीत ना सत्तेचाळीस आला, ना अठ्ठेचाळीस. गावाने त्याचाही अर्थ लावला. आचानने आईला लोखंड लावलं, आई रुसली, म्हणून आकडा चुकला आणि पूर आला! सामरेंगकडे आता पूर्वीपेक्षा जास्त गर्दी असते. मी अजून जाते, अजून सांगते, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

काकांना अग्नी दिल्यावर मावशी माझ्याशेजारी येऊन बसली.

"आचान, तुमचं सगळं कळलं मला. चुंबक, कळ, सगळं." मग हळूच म्हणाली, "एकदा चुंबक लावून विचारा ना, म्हातारा नीट पोहोचला का?"

"मावशी, ते फक्त पाणी मोजतं."

"माहीत आहे हो. पण दुसऱ्या कोणाला विचारू?"

तुम्हाला एक सांगते, ऐकाल अशी फारशी आशा नसताना सांगते. कुठे दिवा लुकलुकला तर हात जोडण्याआधी विचारा, हा कशाने पेटतो आणि काय मोजतो. त्या दिवशी नदी किती चढली हे दोनशे माणसांना तोंडपाठ होतं. नदीकडे वळून कोणीच पाहिलं नाही.