यादीबाहेरचा डोंगर

पर्वतापुढे माणूस नम्र होतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. मी चाळिसाव्या शिखराखाली उभा राहिलो तेव्हा माझ्यापुढे त्रेपन्न माणसं रांगेत होती आणि पर्वत त्यांच्या पाठपिशव्यांमागे कुठेतरी होता. नम्र व्हायचंच, तर मधल्या पाठपिशव्यांपुढे व्हावं लागलं असतं.

आमच्या गिर्यारोहण मंडळाची चाळीस शिखरांची यादी आहे. प्रत्येक माथ्यावर एक पत्र्याची डबी, डबीत शिक्का. आपल्या पुस्तिकेत तो स्वतःच मारायचा. चाळीस शिक्के झाले की पितळी बिल्ला मिळतो. माझे एकोणचाळीस झाले होते. चाळिसावा त्या दिवशी मारायचा आणि संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात बिल्ला लावून घ्यायचा, असं ठरलं होतं. ठरवलं होतं ताईने. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, मंडळाची अध्यक्ष. तिच्या छातीवर बिल्ला सहा वर्षांपासून आहे. तिला घरात दुसरा हवा होता.

रांग हलेना. वर कोणीतरी शिक्क्यासोबत फोटो काढून घेत होतं, आणि तो पसंत पडत नव्हता. मी कंटाळून डावीकडे पाहिलं. तिथे एक डोंगर होता.

यात नवल काय, असं वाटेल. नवल असं, की त्या भागाचा नकाशा मी काढलेला आहे. भूमापन कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि माझ्या नकाशात तिथे डोंगर नव्हता. बराच वेळ आठवल्यावर उलगडा झाला. साहेबांना नकाशा संध्याकाळपर्यंत हवा होता आणि खुणांचे अर्थ देणारी चौकट बसवायला कागदावर जागा उरली नव्हती. मी ती त्या कोपऱ्यात बसवली. एक अख्खा डोंगर सव्वीस वर्षं ‘पूल, विहीर, बांध’ या तीन शब्दांखाली पडून होता. मंडळाने यादी केली ती याच नकाशावरून.

मी रांग सोडली. मागचा माणूस म्हणाला, “काका, नंबर जाईल.”

“जाऊ दे,” म्हटलं.

वाट नव्हती. काटे होते, निसरडी घळ होती, दोनदा घसरून कंबरेवर आपटलो. माथ्यावर डबी नव्हती. दोन दगड होते. त्यातला उंच कोणता ते ठरेना, म्हणून दोन्हींवर बसून पाहिलं. एकोणचाळीस शिखरांवर जे सुचलं नव्हतं ते तिथे सुचलं: काहीच नाही. फार बरं वाटलं.

संध्याकाळी सभागृहात पोचलो. तिथली लाकडी जमीन नुकतीच घासून चकचकीत केली होती आणि दारावर पाटी होती: बूट बाहेर काढावेत. मी बुटांसकट उंबऱ्यावरच उभा राहिलो. सचिव, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, माझी पुस्तिका घेऊन गेले, चष्मा वर करून पाहू लागले.

“चाळिसावा रकाना रिकामा आहे.”

“गेला होतास कुठे?” ताईने आतूनच विचारलं.

“डोंगरावर.”

“कितव्या?”

“त्याला नंबर नाही.”

मग सगळं सांगावं लागलं, डोंगर कुठे आहे तेवढं सोडून. डॉक्टर उभेच राहिले. “उंची किती?”

“मोजली नाही.”

“आयुष्यभर दुसरं केलंत काय?”

“म्हणूनच.”

“शिखर असेल तर यादीत घ्यावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “एक्केचाळिसावं. डबी ठेवू.”

यावर सभागृहात दोन तट पडले. बिल्लेवाल्यांना अचानक आपण अपुरे असल्यासारखं वाटू लागलं; बिनबिल्ल्याचे खुशीत आले. ताईचा हात बिल्ल्यावर गेला. ती दारापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “मला तरी सांग, कुठे आहे. सख्खी बहीण आहे मी.”

“आज तू अध्यक्ष आहेस.”

“बिल्ला मिळणार नाही तुला. कधीच. कळतंय ना?”

“कळतंय. तो डोंगर मी एकदा चुकून लपवला,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “आता मुद्दाम लपवतो. डबी ठेवायचीच असेल तर शोधा. मी सांगणार नाही. नकाशा आहे तसाच राहील.”

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली, एकच. डॉक्टरांनी बिल्ल्याची पेटी मिटली.

“बाणेदारपणा पुरे,” ताई म्हणाली. “बिल्ला गेला तो गेला. आत येऊन बस तरी. दारात उभा राहून कुणाला दाखवतोयस?”

मी तिच्या कानाशी झुकायचा प्रयत्न केला. तेही जमेना.

“ताई, जरा बुटाची नाडी सोड ना. दुपारपासून वाकता येत नाहीये.”