सरासरी हात

माणूस जनावरांच्या पुढे गेला तो हाताच्या जोरावर. अंगठा बोटांसमोर आडवा आला आणि तिथून शेती, शिल्प, शस्त्रक्रिया, सह्या असं सगळं सुरू झालं. या थोर अवयवाच्या लाखो वर्षांच्या वाटचालीचा ताजा नमुना त्या सोमवारी सकाळी साडेसात वाजता जॅमच्या एका बरणीशी झटत होता, आणि बरणी जिंकत होती.

हात झाकणबाईंचा होता. त्यांचं खरं नाव कारखान्यात फक्त हजेरीपटाला माहीत होतं. वय एकतीस, पदरी दोन वर्षांची मुलगी. काम असं की झाकणं लावणाऱ्या मशीनखालून आलेल्या दर शंभर बरण्यांतली एक उचलायची आणि हातानं उघडायची. झाकण हात लावताच फिरलं तर ढिलं. दातओठ खावे लागले तर घट्ट. नुसतं 'हं' म्हणून फिरलं तर पास. आठ वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी सगळ्यांचे पंजे तपासून हा हात निवडला होता. ना पैलवानी, ना नाजूक; चारचौघांच्या घरात असतो तसा. लोकांची निवड कशात तरी जास्त असल्याबद्दल होते. सरासरी असल्याबद्दल निवड झालेल्या त्या घराण्यातल्या पहिल्याच, आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान होता.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

फिटरनं मशीनकडे पाहिलं. या मशीनशी तो जितक्या मायेनं बोलत असे तितक्या मायेनं बायकोशी बोलला असता तर संसार वेगळाच झाला असता, असं त्याची बायकोच म्हणायची. त्यानं नट पाव फेरा सैल केला. मंगळवारी पुन्हा घट्ट, पुन्हा पाव फेरा. गुरुवारी तो मशीनला टाकून बोलला. पुढच्या आठवड्यात तर त्यानं मशीनच्या बनावटीबद्दल आणि बनवणाऱ्याबद्दल अशा काही शंका काढल्या की पॅकिंगच्या बायकांनी डोक्यावरचे रुमाल कानांवर ओढले.

गंमत अशी की अकरा वाजल्यानंतर झाकणं समजूतदार व्हायची. फिटरचं म्हणणं, सकाळच्या गारव्यानं पत्रा आखडतो. पण झाकणबाई जातीच्या चौकस. त्यांनी सकाळी नापास झालेल्या तीन बरण्या गार पाण्याच्या बादलीत ठेवल्या, वर चिठ्ठी लावली आणि बारा वाजता उघडल्या. तिन्ही 'हं' म्हणून उघडल्या. बरणी तीच, झाकण तेच, गारवाही तोच. मग मधल्या वेळात बदललं कोण? उरलेला एकमेव आरोपी त्यांच्या स्वतःच्या मनगटाला लटकत होता.

तेव्हा घरातलेही पुरावे आठवू लागले. मुलीचं घरातलं नाव पुरचुंडी, कारण जन्मल्यावर ती कपड्यात तशीच गुंडाळून बापाच्या हातात आली होती. आता ती अकरा किलोंची झाली होती आणि सहाला उठून, दोन्ही हात वर करून पलंगाशी उभी राहायची. गेले तीन आठवडे झाकणबाई तिला पंजांनी न धरता कोपरांनी, गवताचा भारा उचलावा तशी उचलत होत्या. पोर उचलून सगळ्यांचेच हात दुखतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

डॉक्टरीणबाईंनी फळ पिकलं का ते पाहतात तसं एकेक पेर दाबून पाहिलं. मग रक्त तपासलं, आणि संधिवात निघाला. तो म्हाताऱ्यांना होतो ना, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, हा वयाचा दाखला मागत नाही. शरीराचे रखवालदार चोर सोडून घरच्यांनाच बडवू लागले की हा होतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली आणि ती चालू आहे तोवर दुसऱ्या बाळाचा विचार करू नका म्हणून बजावलं. झाकणबाईंनी सतरा प्रश्न विचारले. सकाळीच का? दोन्ही हातांना एकदम कसं? करंगळीचं टोकच कसं सुटलं? डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, एरवी लोक एकच विचारतात, बरा होईल ना. झाकणबाईंनी तेही विचारलं, पण चपला घातल्यावर, दारातून.

"बरा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आटोक्यात राहील."

घरी ही बातमी सासूबाईंना अतिक्रमणासारखी वाटली. गेली पंधरा वर्षं या घरातल्या सांधेदुखीची एकहाती मालकी त्यांच्या गुडघ्याकडे होती.

"सूज आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे ना."

"दोन्हीकडे?"

"दोन्ही हातांना, आई."

"माझ्या एकाच गुडघ्याला आहे," सासूबाई म्हणाल्या. नवरा विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत होता. सकाळचं सगळं माझ्यावर सोड, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुरचुंडीचे दोन्ही पाय चड्डीच्या एकाच पायात घातले, आणि ती आठ वाजेपर्यंत घरभर मासोळीसारखी सरपटत होती. तिची काही तक्रार नव्हती.

कारखान्यात मात्र झाकणबाईंनी चकार शब्द काढला नाही. तिथे त्यांना ठेवलं होतंच मुळी सरासरी हातासाठी. तो आता सरासरी राहिला नाही, हे आपणच सांगायचं म्हणजे आपल्या खुर्चीचा पाय आपणच काढून देणं. शिवाय गोळीला गुण येईलच की, चार आठवडे, सहा आठवडे. तोवर त्या सकाळी अंदाजानं पास म्हणत राहिल्या.

पण सैल केलेला नट सैलच होता. दुपारचा हातही जुना राहिलेला नव्हता, त्यामुळे ती ढिलाई त्यांना दिवसभरात कधीच कळली नव्हती. ती कळली दुकानदारांना. पंधरा खोकी परत आली. जॅम गळून लेबलं चिकटलेली, काहींना बुरशी. मोठ्या साहेबांनी फिटरला नोटीस दिली. निष्काळजीपणाचा खुलासा तीन दिवसांत करावा, नाहीतर मशीनवरून काढून खोकी वाहायला लावू. फिटरनं नोटीस घडी करून खिशात घातली आणि तो दिवसभर मशीनकडे पाठ करून बसला. झाकणबाईंना दुपारचा डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला पुरचुंडी हात वर करून हजर. झाकणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पंजे मांडीवर उलटे ठेवून.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "आईचे हात अजून उठले नाहीत."

पुरचुंडीनं यावर विचार केला. स्वतःचे हात खाली घेतले. मग जवळ येऊन आईचं मधलं बोट धरून हलवलं आणि त्याला म्हणाली, "ऊठ." बोट उठेना तेव्हा तिनं शेजारच्याला हलवून पाहिलं. दहाही बोटांना क्रमानं उठवून झाल्यावर ती शांतपणे चढून शेजारी बसली आणि वाट पाहू लागली. रडली नाही, रुसली नाही. झोपलेत म्हणजे झोपलेत.

झाकणबाईंना स्वतःची जरा लाज वाटली. दोन वर्षांच्या पोरीला एका वाक्यात सांगता आलं, ते साहेबांना तीन आठवडे सांगता येत नव्हतं.

साडेसातला त्यांनी साहेबांना मशीनपाशी बोलावलं. फिटर होताच. त्यांनी सगळ्यांदेखत एक बरणी घेतली, उघडायचा प्रयत्न केला, आणि खाली ठेवली.

"साहेब, मशीन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझा हात बिघडलाय. यांनी नट सैल केला तो मी सांगितलं म्हणून." आणि त्यांनी वही पुढे केली. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठलं पेर किती आखडलं, सगळं टिपलेलं. आठ वर्षं बरण्या तपासल्या तसाच त्यांनी हातही तपासला होता.

साहेब प्रामाणिकपणा या विषयावर पावणेआठपर्यंत बोलले. नोटीस मागे घेतली. झाकणबाईंना लेबलं तपासायला दिली. तिथे डोळे लागतात, आणि ते काम साडेनऊला सुरू होतं. नव्या सरासरी हाताचा शोध दुपारपर्यंत चालला. आपण सरासरी नाही हे सिद्ध करायला जो तो झाकणं ताडताड फिरवत होता. शेवटी गोदामाच्या कारकुनाची निवड झाली, तेव्हा त्याला दोन दिवस तोंड वर करून चालवेना.

फिटरनं नट फेरे मोजून पुन्हा आवळला, मशीन स्वतःच्या रुमालानं पुसलं. सुटताना फाटकापाशी मात्र थांबला.

"आधी सांगायचंत बाई," तो म्हणाला. "मी मशीनला काय काय बोललो."

पुढच्या सकाळी झाकणबाईंना कुठे धावायचं नव्हतं. स्वयंपाकघरात पाटावर सासूबाई गुडघ्याला शेक देत बसल्या होत्या. त्यांनी घमेल्यात कोमट पाणी ओतलं, शेजारी दुसरा पाट मांडला आणि सुनेला तिथे बसायची खूण केली. मालकीत वाटेकरी घेतल्याचा एवढाच काय तो विधी झाला. झाकणबाईंनी हात पाण्यात सोडले. बोटं हळूहळू सुटत होती. कुठलं आधी सुटतं ते त्या पाहत होत्या.

"आई," त्या म्हणाल्या, "आठ वर्षं कुणाच्याही घरी बरणी उघडली की मला वाटायचं, ती माझ्या हातानंच उघडली. आता माझा हात कुणासारखाच नाही."

सासूबाईंनी शेक बाजूला ठेवला. पंधरा वर्षं दुखणाऱ्या गुडघ्यानं दिलेला सगळा अधिकार त्यांच्या चेहऱ्यावर जमा झाला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "माणूस काही हातात नसतो. माणूस असतो तो..."

तो नेमका कशात असतो हे सांगण्यासाठी त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात पुरचुंडी डोळे चोळत आली. तिनं पाण्यातल्या त्या दोन हातांकडे वाकून नीट पाहिलं, आपल्या दोन्ही बाह्या वर सारल्या आणि म्हणाली,

"आई, सरक ना."